बाळकृष्णाने नेमलेला मिस्त्री

ज्याने देवालाच आपल्या लबाडीत भागीदार करून घेतले, त्याने पुढे दाद मागायची ती कोणाकडे? सांगा पाहू. उत्तर लगेच सुचत नसेल तर संकोच नको. वर्ध्याच्या नरहरलाही ते सुचले नव्हते. आणि त्याच्यापाशी तर विचार करायला फारसा वेळही नव्हता, कारण नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातला सर्वांत जाळत्या नऊ दिवसांचा काळ, लागला होता आणि जावई निघाला होता.

१९८० साली ज्येष्ठ महिना अधिक आला. अधिक मासात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचे वाण द्यायचे, ही आपली जुनी रीत. नरहरची मुलगी माणिक आदल्याच वर्षी अमरावतीस दिलेली. म्हणजे जावई श्रीधर याचा हा पहिलाच धोंडा. शनिवारी येतो, असा होकार आला. होकारासोबत माणिकच्या सासूबाईंचा तोंडी निरोपही आला : "आमच्या श्रीधरले उकाडा बिलकूल सोसत नाई. तुमच्या घरी कूलर आहे म्हणते माणिक, म्हणून धाडून राह्यलो."

कूलरची ही बढाई माणिकनेच सासरी मारली होती. आता तिची तेथली सारी पत नरहरच्या खिडकीतल्या पत्र्याच्या पेटीवर अवलंबून होती. आणि नेमक्या त्या पेटीने सोमवारी दुपारी मान टाकली. बटन दाबले की ती एखाद्या दुखणाईतासारखी कण्हत असे. पाते मात्र हलत नसे.

नरहर कचेरीत कारकून होता. माणूस वाईट नव्हता. रोज पूजा करी, एकादशी पाळी, खोटे सहसा बोलत नसे. (फुकट मिळणाऱ्या गोष्टीपुढे मात्र त्याचे व्रत ढिले पडे. पुष्कळांचे पडते.)

"कवडूले बोलवा," शरयू, त्याची बायको, म्हणाली. "मागच्या साली त्यानंच केलता. तोंडाचा वंगाळ आहे तो, पण पंखा फिरवून देते."

"कवडू लुटारू आहे. मागच्या साली त्याच्या तोंडावर म्हटलं म्या. आमचे बडेबाबू स्वतः येतो म्हणून राह्यले. इलेक्ट्रिकची पुस्तकं वाचेल माणूस आहे तो!"

"पुस्तक वाचून पंखा फिरते का?"

"आन् मायी बदली झाली तर संसार फिरते का?"

येथे सत्य थोडे उघडे पडले. बडेबाबू प्रभाकरराव यांच्या टेबलावरून बदल्यांची नावे वर जात. कारंजा घाडगे येथे एक जागा रिकामी होती, आणि हायवेवरच्या ट्रकांची धूळ खात नोकरी करण्याची नरहरला हौस नव्हती. प्रभाकररावांना यंत्रे उघडण्याचा नाद होता. (बंद करण्याचा होता की नाही, याची चौकशी नरहरने केली नव्हती.) अशा माणसाला घरी बोलावून काम सोपवले की कूलरही दुरुस्त होईल आणि बदलीही टळेल, असा त्याचा हिशेब.

वाद चढत गेला तेव्हा नरहरची आई देवकाबाई माळ खाली ठेवून म्हणाली, "भांडता काऊन? घरात बाळकृष्ण आहे ना. त्याले इचारा."

त्या घरची पद्धत अशी होती. दोन वाटांपैकी कोणती धरावी हे ठरेना, म्हणजे दोन धान्यांच्या दोन पुरचुंड्या बांधून देवापुढे ठेवायच्या. देवकाबाईने डोळे मिटून एक उचलायची. उचललेली सोडून पाहायची. दुसरी न उघडता गाईला घालायची. देवाने दिलेला शब्द मग कोणी मोडायचा नाही. शरयूचे स्थळही याच रीतीने पसंत झाले होते, त्यामुळे त्या रीतीविषयी शंका घेण्याची सोय घरात कोणालाच नव्हती.

तांदूळ आले तर कवडू, तुरीची डाळ आली तर बडेबाबू, असे ठरले. नरहर आंघोळ करून, सोवळे नेसून पुरचुंड्या बांधायला एकटाच बसला. त्याचा हात डाळीच्या डब्यात गेला. एक पुरचुंडी बांधून झाली. मग तोच हात पुन्हा डाळीच्याच डब्यात गेला. तांदळाचा डबा शेजारीच होता. त्याला कोणी स्पर्श केला नाही.

समोर बाळकृष्ण रांगत्या पावली, लोण्याचा गोळा हाती धरून, हसत होता. देव अशा वेळी बोलत नाही. तो वाट पाहतो.

देवकाबाईने डोळे मिटले, हात जोडले, एक पुरचुंडी उचलली. डाळ निघाली.

"झालं तं!" ती गहिवरून म्हणाली. "बडेबाबूले देवानं नेमलं."

प्रभाकरराव त्याच संध्याकाळी हत्यारांची पेटी घेऊन आले. देवकाबाईने दारातच त्यांच्या पायांवर पाणी घातले, कपाळी कुंकू लावले आणि घडलेली हकीकत सांगितली. प्रभाकररावांच्या नोकरीत त्यांची निवड आजवर अनेकांनी केली होती, पण इतक्या वरून आदेश कधी आला नव्हता. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

"आजी, मग हे काम आता माझे नव्हे," ते म्हणाले. "मी केवळ निमित्त."

निमित्ताने अंगणात चटई टाकली आणि कूलर पोटातून रिकामा केला. मोटार काढली. मोटारीतून जे निघण्यासारखे होते ते काढले. जे निघण्यासारखे नव्हते तेही काढले.

"रोग वरचा नाही, नरहरराव. आतला आहे."

"शनिवारपर्यंत होईल ना, साहेब? जावई..."

"मुळाशी गेल्याविना मी काहीही बंद करीत नसतो."

रोज संध्याकाळी ते येत. चहा होई, मग फराळ, मग जेवण. मोटारीचे भाग वाढत गेले. मूळ काही हाती लागले नाही. त्यातच देवाने मिस्त्री नेमल्याची वार्ता गल्लीभर झाली. शेजारच्या शोभाबाई आपली इस्त्री घेऊन आल्या, कोणी गजराचे घड्याळ आणले, कोणी बॅटरी. प्रभाकररावांनी कोणालाही नाही म्हटले नाही. अंगणात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि चालू स्थितीत एकही वस्तू उरली नाही.

"आता तरी कवडूले बोलवा," शरयू दबल्या आवाजात म्हणाली. "परवा पोरगी येऊन राह्यली. ते सासू तिले आयुष्यभर ऐकवन."

ते देवकाबाईच्या कानी गेलेच. "देवाच्या शब्दावर दुसरा माणूस? माह्या जित्तेपणी तं नाई, सूनबाई."

नरहर प्रभाकररावांकडे वळला. "साहेब, तुम्हाला फार त्रास होतो आहे. कचेरीचे काम, वर हे..."

"त्रास?" प्रभाकरराव पेचकस रोखून म्हणाले. "नेमणूक कोणाची आहे, विसरलात?"

नरहर विसरला नव्हता. जगात ते त्या एकट्यालाच नीट आठवत होते. मिस्त्री हटवायचा तर देवाचा शब्द खोटा ठरवायला हवा. देवाचा शब्द खोटा ठरवायचा तर आधी स्वतःचे तोंड काळे करायला हवे. त्याने देवघराकडे पाहणे टाळले. पूजेला बसला की त्याला वाटे, बाळकृष्णाचे हसू थोडे रुंदावले आहे.

शुक्रवारी उन्हाने कहर केला. भिंतींना हात लावता येईना. त्या संध्याकाळी प्रभाकररावांनी मोटार जुळवली, पाते चढवले, बाजूच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून घेतले आणि सर्वांना खोलीत उभे केले. देवकाबाईने उदबत्ती लावली.

"बटन दाबा."

नरहरने देवाचे नाव घेऊन दाबले. (या कामात त्याने ते प्रथमच मनापासून घेतले.) आणि काय आश्चर्य! पाते फिरले. गरगरा फिरले. शरयूच्या डोळ्यांत पाणी आले.

"वारा नाई येऊन राह्यला पन," ती थोड्या वेळाने म्हणाली.

वारा येत नव्हता, जात होता. पाते उलटे फिरत होते. खोलीत जो काही थोडा गारवा होता तो ओढून, ओल्या ताट्यांतून गाळून, कूलर गल्लीला देत होता. खिडकीबाहेर गल्लीतली एक गाय येऊन बसली आणि तिने समाधानाने डोळे मिटले.

"फिरतो आहे ना?" प्रभाकरराव म्हणाले. "दिशा हा दुय्यम प्रश्न आहे."

तो दुय्यम प्रश्न पुढे आलाच नाही, कारण तेवढ्यात मोटारीतून धूर निघाला. जळल्याचा वास पसरला. पाते थांबले. गाय उठून गेली.

प्रभाकररावांनी वाकून पाहिले. "वाइंडिंग गेले. हरकत नाही. वाइंडिंग मी आजवर केलेले नाही. या मोटारीवर शिकून घेतो. पंधरवड्यात होईल." आणि ते हात धुवायला मागे गेले.

देवकाबाई त्यांच्यासाठी पाट मांडू लागली. शरयू भिंतीला टेकून खाली बसली; तिने नवऱ्याकडे पाहिले. बोलली असती तर त्याला सोसले असते.

"माय," नरहर म्हणाला, "पाट नको मांडू. त्याले देवानं नाई नेमलं."

"मंग कोनं नेमलं?"

"म्या."

"म्हंजे?"

"दोन्ही पुरचुंड्यात डाळच होती, माय."

देवकाबाईच्या हातातला पाट तसाच राहिला. शरयूने पदर तोंडाला लावला. आणि मागच्या दारात, ओले हात पुढे धरून, प्रभाकरराव उभे होते. पंचा मागायला आले होते.

"म्हणजे माझी निवड," ते सावकाश म्हणाले, "तुम्ही केलीत?"

"मनापासून केली, साहेब."

"देवाने नेमलेल्या माणसाच्या हातून मोटार जळली तर ती त्याची लीला, नरहरराव. तुम्ही नेमलेल्याच्या हातून जळली तर ती त्याची फजिती." त्यांनी हत्यारे गोळा केली. शोभाबाईंच्या इस्त्रीकडे पाहिले. ती तशीच राहू दिली. उंबऱ्यावर क्षणभर थांबून ते म्हणाले, "कारंज्याचे पाणी चांगले आहे म्हणतात." आणि निघून गेले.

देवकाबाईने हातातला पाट भिंतीशी लावून ठेवला. मग म्हणाली, "सकाळीच कवडूले आन. तुह्या पापाचं मंग पाहू."

सकाळी कवडू घरी नव्हता. तो एसटी स्टँडवर भेटला. अंगात कडक टेरीकॉटचा शर्ट, डोक्याला तेल, बाजूला नवे लुगडे नेसलेली बायको.

"कवडू, देवासारखा भेटला रे! चाल घरी. मोटार जळली. आज जावई येऊन राह्यला माहा!"

"माह्या सासऱ्याचाबी जावई आजच येऊन राह्यला," कवडू म्हणाला. "मीच तो. सिंदीले चाललो, धोंडे खायाले."

"उद्या जाजो ना. अरे, माह्या पोरीच्या इज्जतीचा सवाल आहे."

"सायेब, सालभर तुमचे कूलर खोलतो तं मले कोनी पाट देत नाई. तीन सालातून एकडाव सासरा पाय धुते. आज मी मिस्त्री नाई, जावई आहो."

"आयकलं का," त्याची बायको नवऱ्याला म्हणाली, "हेच ते, जे तुमाले लुटारू म्हनत होते?"

"तेच."

"मंग बसा गाडीत."

"परत कवा येशीन?" नरहरने सुटलेल्या बसबरोबर चालत विचारले.

"महिना सरल्यावर!" कवडू खिडकीतून म्हणाला. "बडेबाबूले सांगजा, तवरिक काही उघडू नका म्हना!"

बस गेली. तिच्या धुरातून अमरावतीची बस आत शिरली, आणि तिच्यातून घामाने निथळणारा श्रीधर उतरला. मागोमाग माणिक. तिने बापाच्या पायाला हात लावला आणि पहिलाच प्रश्न हळूच विचारला, "बाबा, कूलर चालू आहे ना?"

नरहरने तिची पिशवी उचलली आणि घराची वाट धरली. उत्तर देवकाबाईने घरी दिले.

"कूलर आहे, पोरी," ती नातीला म्हणाली. "तुहा बाप आहे."

तिचा निवाडा थोडक्यात होता. ज्याने देवाला फसवून कूलर मोडला, त्याने कूलरचे काम करावे. खिडकीतली वाळ्याची ताटी त्याने भिजवावी, जावयाच्या उशाशी बसून हातपंख्याने वारा घालावा, आणि वारा घालताना तोंडाने नामस्मरण करावे. मोठ्याने नव्हे, जावयाची झोप मोडेल. अपील नव्हते. अपील ज्याच्याकडे करायचे तो लोण्याचा गोळा धरून समोर हसत होता.

पहिल्या दुपारी श्रीधर फार अवघडला. "मामाजी, तुम्ही काऊन? बरं नाही दिसत हे."

"झोपा, जावईबापू," देवकाबाई म्हणाली. "त्याचं व्रत आहे. मोडू नका."

व्रताचे नाव निघाल्यावर श्रीधर निमूट आडवा झाला. पोटात धोंडे होते, अंगावर वाळ्याच्या वासाचा गार वारा होता. तो संध्याकाळपर्यंत उठला नाही. उठला तेव्हा आजीपुढे हात जोडून म्हणाला, "आजी, आमच्या शेजाऱ्यांकडेही कूलर आहे, पण फार खडखड करतो. हा बरा आहे." माणिकचा जीव भांड्यात पडला. सासरी सांगायला आता तिच्याजवळ कूलरहून मोठी गोष्ट होती.

जावई मास्तर होता, आणि शाळेला सुट्टीच होती. श्रीधरने मुक्काम वाढवला. अधिक मास सरेपर्यंत राहतो म्हणाला. नरहरने कचेरीत रजा टाकली. प्रभाकररावांनी ती वाचलीसुद्धा नाही. लगेच मंजूर केली.

मग रोज दुपारी नरहर एका हाताने ताटीवर पाणी मारी आणि दुसऱ्या हाताने पंखा हलवी. मनगट सुजले, खांदा धरला, नाम मात्र तोंडात बसले. कधी ग्लानी येऊन त्याचा हात थांबे. तेव्हा जावई डोळे न उघडताच कूस बदलून म्हणे, "माणिक, लाइट गेली वाटते."