दोन धरणांमधला अबोला

दूध उतू गेलं तेव्हा नवरा शेगडीपाशीच उभा होता. मोबाइलवर पावसाचा अंदाज वाचत. "उतू जाईलच असं नक्की नव्हतं," ओटा पुसता पुसता तो म्हणाला, "शक्यता साठ टक्केच होती."

बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस नदीवरच्या वरच्या धरणाचा अभियंता, आणि त्याच नदीवर खालच्या धरणाची अभियंता ती स्वतः. ज्याचं एका पातेल्यावर लक्ष राहत नाही, त्याच्या हातात एवढ्या नदीचे दरवाजे, आणि ते उघडणार तिच्या डोक्यावर. तिने अबोला धरला. दोन्ही धरणांनी रोज सकाळी फोनवर बोलून पाण्याचा मेळ घालायचा, असा नियम होता. तो फोनही तिने उचलला नाही.

नेमकं त्याच आठवड्यात हवामानवाल्यांनी हात वर केले. एक अंदाज म्हणे धो धो, दुसरा म्हणे थेंबही नाही. तिने ताडलं, हा काठोकाठ भरेपर्यंत बघत बसणार आणि मग सगळं एकदम माझ्यावर लोटणार. म्हणून तिने आपलं धरण अर्धंअधिक रिकामं केलं. तिकडे त्यानेही डोकं चालवलं. वाटीभर पाणी सोडलं तरी ही म्हणणार, आत्ताच का सोडलंस. त्याने दरवाज्यांना हातच लावला नाही.

मग आभाळ जे स्वच्छ झालं ते झालंच. तिच्या जलाशयात चिखल उघडा पडला, कोणे एके काळी बुडालेली होडीसुद्धा वर आली. शहरातून फोनवर फोन, नळ कोरडे पडले तर आम्ही काय प्यायचं. त्याचं धरण मात्र खुशाल तुडुंब. मोठे साहेब जाब विचारायला निघाले, आणि तिच्या बदलीची कुजबुज सुरू झाली. तीही इतक्या दूर, की तीन वर्षांच्या लेकीला थोपटून झोपवणं फक्त सुट्टीत जमलं असतं. दूध घालवलं त्याने आणि लेक तुटणार माझी, हा कुठला न्याय, असं ती दिवसभर धुमसत राहिली.

साहेब धरणाच्या भिंतीवर तिला फैलावर घेत होते, तेवढ्यात वर डोंगरात आभाळ फाटलं. तुडुंब धरणाचे सगळे दरवाजे उघडण्यावाचून नवऱ्याला गत्यंतर उरलं नाही. लोंढा गर्जत आला, आणि तिच्या रिकाम्या जलाशयाने तो मुकाट गिळला. शहरात कोणाची चप्पलही भिजली नाही.

साहेब हरखले. त्यांनी नवऱ्यालाही बोलावून घेतलं.

"बैठकांमध्ये घसा कोरडा करून मी हेच सांगतो," ते म्हणाले. "अंदाज बेभरवशाचा असला की वरच्याने धरून ठेवायचं, खालच्याने जागा करायची. किती बोलत असाल तुम्ही दोघं एकमेकांशी."

दोघांनी दोन दिशांना पाहिलं. अबोल्याचं खरं कारण सांगितलं असतं, तर बदली नक्की होती.

"पावसाळा संपेपर्यंत या पद्धतीत काडीचाही बदल करायचा नाही," साहेबांनी बजावलं, आणि जाता जाता पाठ थोपटली ती नवऱ्याची. म्हणजे चिखल तिचा आणि शाबासकी त्याची. ती दात-ओठ खात घरी आली.

लेक झोपल्यावर नवरा हळूच तिच्या शेजारी येऊन बसला. घसा खाकरला. "अगं, ऐक ना..."

"एक अक्षर बोलू नकोस," ती म्हणाली. "साहेबांचा आदेश आहे. पावसाळा संपू दे."

आदेशात पायांबद्दल काही नव्हतं. दिवसभर भिंतीवर उभं राहून ठणकणारे पाय तिने त्याच्या मांडीवर टाकले.