अख्खा केसपेपर

बाबरदादांच्या हातात फॉर्म दिला की देणारा आधी घड्याळाकडं बघायचा. चौकट तीन ओळींची असली तरी दादा लिहीत लिहीत समासात उतरायचे, तिथून पान उलटून पाठीमागं. बँकेतल्या मॅडमनी एकदा विचारलं, "काका, एवढं कशाला?" तर म्हणाले, "बाई, मानूस हाय मी. रकान्यात कसा मावंन?"

दादा कवठे महांकाळचे. सैन्यात सिग्नलला, म्हणजे संदेशयंत्रणेवर होते, संगणक तिथंच शिकले आणि निवृत्तीनंतर माधवनगरला आमच्या कंपनीत आले. आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. रुग्णाची माहिती टेबलांत, प्रत्येक गोष्टीला ठरलेला रकाना, ही आमची चालत आलेली रीत. दादांचा हट्ट एक्सएमएल डेटाबेसचा. केसपेपर अख्खाच्या अख्खा ठेवायचा, फक्त आतल्या मजकुराला खुणा लावायच्या. "कापाकापी न्हाई," हे त्यांचं पालुपद.

मालक ऐकेनात. एका मीटिंगमध्ये दादांनी खिशातून कात्री काढली, एका केसपेपरचे उभे-आडवे तुकडे केले आणि मालकांपुढं सरकवले. "जोडा, सायेब."

मालकांनी एक तुकडा उचलला आणि पांढरेफटक पडले. केसपेपर त्यांच्या वडिलांचा होता. ती झेरॉक्स आहे हे दादांनी सांगितलं, तेव्हा कुठं आम्ही तुकडे जुळवायला बसलो. सगळे तुकडे रकान्यांत बसवले तरी एक उरलाच: 'गोळी घेतली की चक्कर येते.'

"ह्याला रकाना न्हाई तुमच्या टेबलात," दादा म्हणाले.

त्या आठवड्यात आम्ही एक्सएमएलवर जायचं ठरवलं.

जुनी माहिती हलवताना मला एक नोंद दिसली. दादा चाचणीला नेहमी तीच वापरायचे. मालन बाबर. तक्रारीच्या रकान्यात सिस्टरनं टिपलेलं: 'पेशंट म्हणतात, आमच्या ह्यांना सांगा की'. पुढं काही नाही.

"दादा, हे अर्धवटच आलंय."

"आमची मंडळी ती," दादा म्हणाले. "मी बॉर्डरवर हुतो. रजा मिळून आलो तवर गेली. मूळ कागद वाळवीनं खाल्ला. सिस्टरलाबी पुढचं आठवंना."

मी टेबलाची मांडणी उघडली: तक्रारीच्या रकान्यात ठरावीक अक्षरंच मावायची, पुढची आपोआप गळायची. तो रकाना मी केला होता, नोकरीच्या पहिल्या वर्षी. दुप्पट लांब ठेवायला मला एक आकडा बदलावा लागला असता. टेबलाच्या माथ्यावर बनवणाऱ्याचं नाव असतं. तिथं माझं होतं, आणि दादा तीन वर्षं ते टेबल रोज उघडत होते.

"च्या सांगू का, गड्या?" त्यांनी विचारलं.