तंद्रीतली जादा फेरी

मी पुराव्याशिवाय कुठलीही गोष्ट मानत नाही. मांजर आडवं गेलं तर मी त्याला वाट देतो आणि पुढे चालू लागतो. निघताना कुणी शिंकलं तर त्याला रुमाल देतो. कॅनडाला आलो तो दिवस म्हणजे तेरा तारखेचा शुक्रवार, कारण त्या दिवशीचं तिकीट सहज मिळत होतं. आजीने हौसेने माझं नाव ईश्वर ठेवलं, तेवढं सोडलं तर या ईश्वर रामटेकेच्या आयुष्यात अवैज्ञानिक असं काहीही घडलेलं नाही, असं मी गेल्या हिवाळ्यापर्यंत छातीठोकपणे सांगत असे.

माझ्यात दोष एकच, मला तंद्री लागते. नागपुरात असताना सायकलवरून कॉलेजला निघायचो आणि फुटाळा तलावाच्या पाण्याकडे बघत तासभर उभा राहायचो. कॅल्गरीला आलो, गॅस कंपनीत कॉम्प्रेसरचा इंजिनियर झालो, तरी मीटिंगमध्ये खिडकीबाहेर बर्फ पडू लागला की मी गेलोच. मग २०१५ मध्ये तेलाचे भाव कोसळले, आमचा अर्धा मजला घरी बसला, आणि त्यात मीही होतो.

वर्षभराने नोकरी मिळाली ती आइस हॉकीच्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर. बर्फ गोठवायलाही कॉम्प्रेसरच लागतो, तेव्हा काम ओळखीचं होतं. संघाचं नाव चिनूक्स. लीग छोटी, पण पगारी, आणि आदल्याच वर्षी या पोरांनी कप जिंकलेला. छताला विजेतेपदाचा भलामोठा झेंडा टांगला होता. मॅनेजरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सीझन संपेपर्यंत मी प्रोबेशनवर आहे, आणि मध्यंतरात बर्फ सपाट करणारी गाडीही मीच चालवायची.

ही गाडी म्हणजे माझ्यासारख्या माणसाच्या हातात देऊच नये अशी वस्तू. हॉकीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत चालतो. प्रत्येक मध्यंतरात ही गाडी बर्फावरून हळूहळू गोल फिरते, वरचा थर खरवडते आणि मागे गरम पाण्याची पातळ चादर अंथरत जाते. दिवे मंद केलेले असतात. पाण्यातून वाफ उठते, मागे वळून पाहिलं की ओरखड्यांचं बर्फ आरशासारखं झालेलं असतं आणि त्यात छतावरचे दिवे तरंगत असतात. फेरीमागून फेरी. मला तर वाटे, हे असंच चालू राहावं, सामना वगैरे झाला नाही तरी हरकत नाही.

गतविजेत्यांची सुरुवात मात्र भयानक झाली. पहिले सात सामने ओळीने हरले. आठव्या सामन्यात दोन भाग संपले तेव्हाही दोन गोलांनी मागे होते. मी दुसऱ्या मध्यंतरात गाडी घेऊन निघालो. बाहेर नोव्हेंबरचा बर्फ पडत होता, आत वाफ तरंगत होती, आणि मी फुटाळ्याच्या काठी पोचलो. गाडीचं फाटक एका गोलच्या मागे आहे. सगळं बर्फ झाल्यावर त्या फाटकातून सरळ बाहेर पडायचं, एवढंच काम. मी बाहेर न पडता गोलसमोर एक जादा वळसा घेतला. मग भानावर आलो आणि गुपचूप निघून गेलो.

तिसऱ्या भागात चिनूक्सनी तीन गोल केले आणि समोरच्यांना एकही करू दिला नाही. सामना जिंकला.

मी गाडी धूत होतो तर आमचा गोलकीपर मार्सेल पॅडसुद्धा न सोडता धावत आला. मार्सेल क्युबेकचा, सहा फूट चार इंच. त्याने माझे दोन्ही हात धरले, हवेत बोटाने एक गोल काढला आणि म्हणाला की ते जे केलंस ते परत कर. मी समजावलं की ते चुकून झालं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. हॉकी खेळणारी माणसं किती भाविक असतात याची मला कल्पना नव्हती. कुणी डावा बूट आधी घालतो, कुणी जिंकलेल्या दिवसाचे मोजे धूत नाही. मॅनेजरबाईंनी मला बोलावून सांगितलं, "ईश, त्यांना वळसा हवाय तर वळसा दे. तू प्रोबेशनवर आहेस."

दिला. पुढचा सामनाही जिंकलो.

त्यानंतर गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. लोक दुसऱ्या मध्यंतरात चहा-कॉफी सोडून जागेवर बसून राहू लागले. मी फाटकाजवळ आलो की चार हजार माणसं बोट फिरवत “लूप, लूप” असं म्हणू लागायची. टीव्हीवरच्या समालोचकाने आपल्या मनाने सांगून टाकलं की हा भारतातला हजारो वर्षांचा जुना विधी आहे. मी फोन करून चूक दुरुस्त करायला सांगितली, तर पुढच्या सामन्यात तो म्हणाला की हा विधी इतका पवित्र आहे की ईश त्याबद्दल बोलतसुद्धा नाही.

शनिवारी इंडियन ग्रोसरीला गेलो. दुकानाचे मालक काउंटर सोडून पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "पंडितजी, हमारी दुकान का भी एक चक्कर लगा दो."

आता सांगा, माझं काय झालं असेल. आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली, घरात बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे, इथल्या आंबेडकर असोसिएशनचा मी सेक्रेटरी, आणि वांगी घ्यायला गेलेला मी पंडितजी झालो. सुरेखा, म्हणजे माझी बायको, शेल्फाच्या आड जाऊन इतकी हसली की तिला तिथल्या तांदळाच्या पोत्यावर बसावं लागलं.

असोसिएशनचे अध्यक्ष भीमरावदादा मेश्राम मात्र हसले नाहीत. त्यांचा फोन आला. एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात वैज्ञानिक दृष्टीवर माझं भाषण ठरलेलं होतं. दादा शांतपणे म्हणाले, "ईश्वरभाऊ, व्हिडिओ पाहून राहिलो तुमचा. भाषण ठेवायचं का बदलायचं, तेवढं सांगा." मी म्हटलं ठेवा, ही निव्वळ नोकरीची भानगड आहे.

पण मला दादांची भीती नव्हती. मला भीती होती मृणालची. मृणाल माझी मुलगी, वय वर्षं अकरा. ती बोलायला लागल्यापासून मी तिला एकच गोष्ट शिकवली होती, कुणीही काहीही सांगो, पुरावा माग. ती आमच्या रिंकवरच्या सगळ्या सामन्यांना यायची आणि वहीत काहीतरी लिहीत बसायची. एक दिवस परतताना कारमध्ये तिने विचारलं, "बाबा, डू यू बिलीव्ह इन द लूप?"

मी म्हटलं, छे.

"देन व्हाय डू यू डू इट?"

मी नोकरी, प्रोबेशन, घराचं मॉर्गेज असं बरंच सांगितलं. ती ऐकत होती. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सो यू आर लाइंग टू देम." रागाने नाही, नुसतं टिपण करावं तसं म्हणाली. मला इतकं लागलं की घराकडचं वळण चुकलं.

फेब्रुवारीत तिने वही पुढे केली होती, बाबा हे जरा बघा म्हणून. मी वही उघडलीसुद्धा नाही. वळशाचा आणि जिंकण्याचा काही संबंध असूच शकत नाही, तेव्हा त्यात बघायचं काय, असं मी तिला समजावलं. ती "ओके" म्हणाली आणि वही मिटली.

चिनूक्स सावरत सावरत प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत पोचले. सात सामन्यांच्या पहिल्याच फेरीत तीन-तीन अशी बरोबरी झाली. सातवा, शेवटचा सामना आमच्याच रिंकवर, शुक्रवारी, आणि माझं भाषण शनिवारी. गुरुवारी रात्रीच्या जेवणात मी जाहीर केलं की उद्या वळसा घेणार नाही. नोकरी गेली तर गेली. सुरेखाने पोळी वाढता वाढता विचारलं की हे नक्की का. मी म्हटलं नक्की. मृणालने माझ्याकडे असं पाहिलं की तिसरी पोळी न घेताच माझं पोट भरलं.

शुक्रवारी दोन भाग संपले तेव्हा चिनूक्स दोन-एकने पुढे होते. मी गाडी काढली. मंद दिवे, वाफ, पाण्याचा तो मऊ आवाज. सगळं बर्फ चकचकीत केलं आणि फाटकाकडे आलो. चार हजार बोटं फिरत होती. बाकावर मार्सेल डोळे मिटून बसला होता. वर सातव्या रांगेत मृणाल उभी होती. मी स्टिअरिंग सरळ धरलं आणि फाटकातून बाहेर पडलो. मागे एकदम शांतता झाली. इतकं स्वच्छ मला फार वर्षांत वाटलं नव्हतं.

तिसरा भाग सुरू झाला आणि चार मिनिटांत समोरच्यांनी दोन गोल केले. दोन्ही गोल त्याच जागी, फाटकापुढच्या बर्फावरून, सुसाट. पुढची सोळा मिनिटं आमची पोरं जिवाच्या आकांताने खेळली, पण सामना तीन-दोनने गेला, आणि गतविजेत्यांचा सीझन तिथेच संपला.

मार्सेल चिडला असता तर बरं. नुसता खांद्यावर हात ठेवून गेला, ते जास्त वाईट. मॅनेजरबाई म्हणाल्या की सोमवारी बोलू.

पार्किंगमध्ये पुन्हा बर्फ पडत होता. मी काच पुसली, हीटर लावला आणि मृणालला म्हटलं, बघ बेटा, माणसाने किंमत मोजावी लागली तरी खोट्या गोष्टीला मान तुकवू नये. योगायोग तो योगायोगच.

तिने बॅगेची चेन उघडली. मग तिने वही माझ्या मांडीवर ठेवली आणि आतला दिवा लावला. वळसा घेतलेले एकोणीस सामने, ओळीने. प्रत्येकात तिसऱ्या भागाची पहिली पाच मिनिटं, आमच्या गोलमध्ये झालेले गोल, शून्य. एकोणीस शून्यं. बाजूला लिहिलं होतं, पक स्लो. पक म्हणजे ती रबराची चकती.

"जादा वळशाने तिथे डबल पाणी पडायचं ना, बाबा. इट डिडन्ट फ्रीझ इन टाइम. तिसऱ्या भागात ती साइड आपली असते. पक तिथे येऊन अडकायचा, सो दे कुडन्ट स्कोअर. आय ट्राइड टु शो यू."

मी कॉम्प्रेसरचा इंजिनियर आहे. पाणी गोठायला किती वेळ लागतो हे मी झोपेत सांगू शकतो. तो हिशेब मी सहा महिन्यांत एकदाही केला नव्हता, कारण संबंध नाही हे मला आधीच माहीत होतं.

"मग काल का नाही बोललीस?" मी कसंबसं विचारलं.

"यू वेअर सो हॅपी," ती म्हणाली. आणि मग, अगदी हळू, "पण तुम्ही चेक नाही केलं, बाबा. यू जस्ट बिलीव्ह्ड."

मी दहा मिनिटं कार जागची हलवली नाही. लाज वाटत होती आणि अभिमानही वाटत होता, आणि अभिमान लाजेपेक्षा जास्त होता, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली की भूक लागलीय.

शनिवारी वैज्ञानिक दृष्टीवरचं भाषण झालं. ते मृणालने केलं, वीस मिनिटं, अर्धं इंग्रजीत. भीमरावदादा पहिल्या रांगेत बसून सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवत होते. मी प्रोजेक्टर सांभाळत होतो. पहिल्याच स्लाइडवर बर्फाच्या गाडीवर बसलेला माझा फोटो होता, आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'अंधश्रद्धा : उदाहरण पहिलं.'