सातव्या प्रकरणातली छाटणी

"आमच्या मंडळात सध्या तुमच्या पुस्तकाशिवाय दुसरा विषय नाही हो!" मिसेस ग्रिम्शॉ दारातूनच म्हणाल्या आणि अ‍ॅम्ब्रोज विकस्टेड कप हातात घेऊनच उठून उभा राहिला.

लढाईवरून परतल्यापासून त्याने तीन कादंबऱ्या लिहिल्या होत्या. तिसरीवर लंडनच्या एका वर्तमानपत्रात दीड ओळ आली होती, त्यातही अर्धी मुखपृष्ठावर खर्ची पडलेली. पण हाडामांसाचा वाचक त्याने अजून पाहिला नव्हता. मरण्यापूर्वी एक तरी दिसावा, एवढीच त्याची इच्छा. आणि इथे तर अख्खं मंडळ! गुरुवारी मंडळात भाषण द्याल का, असं त्यांनी विचारताच येतो, असं तो कसाबसा म्हणाला.

"कसलं मंडळ?" मिसेस ग्रिम्शॉ गेल्यावर बायकोने, मॉडने, विचारलं.

"वाचकांचंच असणार. विचारणं बरं दिसलं नसतं."

"तुला काही विचारणं कधी बरं दिसलंय? मला मागणी घालायला माझ्या बापाकडे मलाच पाठवलं होतंस."

गुरुवारी गावच्या हॉलमध्ये टेबलांवर भोपळे, कांदे आणि उशीएवढा एक कोबी मांडलेला होता. ते बागकाम मंडळ होतं.

"'गुलाबांची छाटणी' या उपयुक्त पुस्तकाचे लेखक!" मिसेस ग्रिम्शॉंनी ओळख करून दिली. "लायब्ररीतल्या बागकामाच्या कपाटात हे पुस्तक कधी जागेवर सापडेल तर शपथ!"

खरं तर ती बायकोने सोडून दिलेल्या एका नवऱ्याची कादंबरी होती. गुलाब त्यात एकाच प्रकरणात होते. हे तिथल्या तिथे सांगून टाकायला हवं होतं. पण लोक टाळ्या वाजवत असताना "तुमची चूक झाली" म्हणणं अ‍ॅम्ब्रोजच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं.

"पानांवर काळे डाग पडले तर काय करावं?" एका बाईंनी विचारलं.

"धीर धरावा," अ‍ॅम्ब्रोज म्हणाला. बाईंनी ते लिहून घेतलं.

"आणि मावा कीड पडली तर?"

"कधीतरी... माव्याच्या बाजूनेही विचार करावा."

हॉलमध्ये हशा पिकला. अ‍ॅम्ब्रोजला थोडा धीर आला. तेवढ्यात मागच्या रांगेतून दरवाजाएवढा एक माणूस उठला. रेल्वेतून निवृत्त झालेला डॉकरिल.

"सातव्या प्रकरणात तुम्ही ऐन जूनमध्ये, फुलांच्या बहरात, सगळी झाडं बुंध्यापाशी छाटलीत. मीही छाटली. बापाने लावलेली होती."

"जूनमध्ये?" मिसेस ग्रिम्शॉ अशा किंचाळल्या, जणू चर्चमध्ये कुणी शिवी दिली असावी.

अ‍ॅम्ब्रोजने टेबलाची कड धरली. "मिस्टर डॉकरिल, ती कादंबरी आहे. बायको सोडून गेली म्हणून रागाच्या भरात तो झाडं कापतो. मला स्वतःला बागेतलं ओ की ठो कळत नाही. मला माफ करा."

हाती आलेले वाचक गेले, हे त्याला कळून चुकलं.

"ते मला बाराव्या प्रकरणात कळलं," डॉकरिल म्हणाला. "खत कधी घालायचं ते शोधत होतो. शेवटपर्यंत सापडलं नाही. मग परत पहिल्यापासून वाचलं."

"खतासाठी?"

"नाही." डॉकरिलने हातातली टोपी पिळली. "माझी बायकोही तिच्या बहिणीकडे निघून गेली होती. तुमचा तो गाढव तिला आणायला जातच नाही, नुसता खिडकीत बसतो. म्हटलं, आपण जावं."

त्याच्या शेजारची इवलीशी बाई खालूनच म्हणाली, "आले ते हात हलवत! म्हणे, फुलं आणणार होतो, पण झाडंच कापलीत."

मंडळाने आभार मानून घोड्याच्या लिदीचं एक पोतं दिलं. ते स्वयंपाकघराच्या दारात टेकवून अ‍ॅम्ब्रोज उभा राहिला. मॉडने नाक दाबलं.

"भेटला का वाचक?"

"भेटला," तो म्हणाला. त्याचे डोळे पाणावले होते, पोत्यामुळेही असेल. "आणि मॉड, नव्या कादंबरीचं 'आत्म्याचा हिवाळा' हे नाव मी बदलतोय. आता ती 'कोबीची लागवड'."

"कोबी आहे त्यात?"

"घालतो एका प्रकरणात. पण ते प्रकरण तेवढं तू तपासून दे. लागवडीचा महिना चुकायला नको."