झॉ मिनचा सत्कार

भाषेच्या बाबतीत मला कुणी शिकवायला यायचं कारण नाही! पूर्णा जंक्शनवर स्टेशनमास्तर म्हणून हयात गेली. मराठी, हिंदी, तेलुगू, दखनी अशा सगळ्या भाषांतल्या शिव्या फलाटावर उभं राहून ऐकल्या आणि त्या त्या भाषेत परत केल्या. त्यामुळे आमच्या अनुपमाचा फिनलंडहून फोन आला, तेव्हा मी अजिबात डगमगलो नाही.

"अप्पा, सुट्टीत माझ्यासोबत झॉ मिन येणार आहे. त्याचे आईवडील बर्मातले, पण तो वाढला इथंच. बर्मी आणि फिनिश भाषांची तुलना हाच त्याचा अभ्यास. आणि अप्पा, त्याला तुमच्याशी बोलायचंय."

"बोलू की! दोन्ही भाषांवर बोलू!"

"तसं नाही अप्पा, आधी ऐका ना..."

पण मी फोन ठेवला. अभ्यासाला लागायचं होतं!

आठवडाभर मोबाइलला डोळे लावून बसलो आणि तुलना पक्की केली. फिनिश भाषा म्हणजे मालगाडी! एका शब्दाला मागून डबे जोडतच जायचे. इंजिन पूर्ण्याला आलं तरी शेवटचा डबा मागच्या मिरखेल स्टेशनातच! बर्मीचं उलटं. शब्द लहान, सुटे, पण सूर बदलला की अर्थही बदलला. मग मी बाथरूममध्ये सूर लावायला लागलो. बाहेरून बायको ओरडली, "अहो, पोटात दुखायलंय का?"

एवढ्यावर भागलं असतं. पण ही बातमी महारुद्रला कळली. तो खताचं दुकान आणि वाचनालयाचं अध्यक्षपद दोन्ही सांभाळतो.

"मास्तर, परदेशी विद्वान गावात येणार, आन् सत्काराबिगर जाणार? लोक काय म्हणतील आपल्याला?"

झालं! फ्लेक्स आला, शाल-श्रीफळ आलं, फेटा आला. अध्यक्ष म्हणून गावातले मोठे शेतकरी आबासाहेब ठरले. प्रमुख वक्ता अर्थातच मी!

"अहो," बायको, राजेश्री, म्हणाली, "पोरगी त्याला एवढ्या लांबून घेऊन यायलीय. कशासाठी, इचारलं का तुमी?"

"तुलनेसाठी!"

तिने कपाळावर हात मारला आणि पुरण वाटायला निघून गेली.

अनुपमा झॉ मिनला घेऊन सकाळीच आली. शांत, हसरा पोरगा. वाकून पाया पडला, आम्हा लिंगायतांच्या रीतीने हात जोडून "शरणार्थी" म्हणाला. मी खूश! सुट्टी संपत आली होती, दुपारच्याच गाडीने दोघांना हैदराबादला जाऊन परतीचं विमान गाठायचं होतं, म्हणून वेळ थोडा होता. चुरमुऱ्यांच्या सुशीलाची बशी हातात घेऊन तो माझ्यासमोर बसला आणि एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला, "काका, मला तुम्हाला एक..."

"मराठी!" मी उडालोच. "थांब, थांब! इथं वाया घालवू नको. माइकवर बोल!"

त्याने अनुपमाकडे बघितलं, अनुपमाने आईकडे बघितलं आणि आईने कढईकडे.

कार्यक्रम उशिराच सुरू झाला. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, मग महारुद्रचं प्रास्ताविक. त्यात वाचनालयाचं गळकं छप्पर सविस्तर आलं. मग आबासाहेब उठले. बर्मा म्हटल्यावर त्यांना रंगूनचा तांदूळ आठवला, तांदळावरून स्वतःची तूर आठवली आणि तुरीवरून चुलतभावाने कोरलेला बांध. मधूनमधून ते म्हणत होते, "मी जास्त वेळ घेणार न्हाई!"

मग मी! मालगाडी सांगितली, सूर लावून दाखवले. टाळ्या पडल्या. झॉ मिनचा फेटा डोळ्यांवर आला होता, तरी तो खालून हसत होता. मागे उभी राहून अनुपमा हातवारे करत होती. मला वाटलं, आवाज मागे पोहोचत नाही. मी आणखी मोठ्याने बोललो!

शेवटी महारुद्रने पुकारा केला, "आता ज्यांची आपण आतुरतेनं वाट बघायलाव..." आणि अनुपमा ओरडली, "गाडी!"

फेट्यासकट त्याला ऑटोत कोंबलं. माझ्या उभ्या नोकरीत ती गाडी वेळेवर आल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी आली! अनुपमा आत गेली, पण नारळ छातीशी धरून तो डब्याच्या दारात थांबला. "काका, मला..." मी जुन्या सवयीने हात केला, "आधी आत हो! दारात उभं राहू नको!"

गाडी गेली. राजेश्री पदराने डोळे पुसत होती.

"मागणी घालायला आला होता तो. तुमच्यासाठी मराठी शिकला. काल रात्री पोरीनं फोनवर सांगितलं. तुमाला सांगायला आले, तर तुमी सूर लावायलाव!"

त्याच क्षणी फोन करायला हवा होता. पण लाज वाटली. आज करू, उद्या करू म्हणत महिना गेला. शेवटी केला, तो त्यानेच उचलला.

"काका."

"बोल बाबा. आता तूच बोल."

मग तो हळू म्हणाला, "आम्ही इथं लग्न नोंदवलं. तुमची परवानगी मागायची होती, पण माझी पाळी आली नाही. अनुपमाला वाटलं, तुम्हाला जातीबाहेरचा मुलगा नको, म्हणून तुम्ही मला बोलू दिलं नाही. नंतर फोनही आला नाही."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं. एकुलती एक पोरगी, आणि तिच्या लग्नात मी फक्त हो म्हणायचं बाकी होतं. तेवढं सोडून मी दुनियाभरचं बोललो.

दिवाळीला दोघं यायलेत. महारुद्र पुन्हा फ्लेक्सचं माप घेऊन आला. मी म्हटलं, ठेव सत्कार, पण भाषण एकच, जावयाचं! मी एकदा बर्मीत माफी मागणार, एकदा फिनिशमध्ये मागणार आणि खाली बसणार. दोन्ही पाठ आहेत.

"आन् मराठीत?" राजेश्रीने विचारलं. "पोरगी मराठीत वाट बघायलीय."

मराठीची तयारी चालू आहे. वाक्य एकच आहे. पण बाथरूमच्या बाहेर आलो की सूर लागत नाही!