तुम्ही व्हा पुढे

बुटांच्या दुकानासमोरच्या रांगेत सतरा माणसं होती: ढगळ हुडीतली नऊ, उलट्या टोपीतली पाच, गळ्यात जाड साखळ्या घातलेली दोन, आणि इस्त्रीचा शर्ट पँटमध्ये खोचलेला एक. हा शेवटचा म्हणजे आपला काटेवाला.

प्रयोगशाळांतले नाजूक वजनकाटे अचूक आहेत का, हे तपासणं ही त्याची नोकरी. या शहरात त्याला बोलायला कुणीच नव्हतं. सुट्टीच्या दिवशी तोंडातून शब्द फुटायचा तो फक्त लिफ्टमध्ये, तोही 'सॉरी'! म्हणून त्याने पक्की योजना आखली: रांगेत उभं राहायचं! रांगेतला माणूस पळून जात नाही. कसली रांग, हा प्रश्न गौण. ही निघाली एका रॅपरच्या नावाच्या नव्या बुटांची.

योजना भलतीच फळली! पुढचा साखळीवाला तोंडाने बीट वाजवू लागला, हुडीवाले एकेक ओळ जोडू लागले, आणि सगळे ह्याच्याकडे वळले.

"दादा, तुझी पाळी!"

"मला नाही येत हो. मी वजनकाटे तपासतो."

"मग तेच घाल की!"

घाम पुसत तो म्हणाला, "मी तपासतो काटा... वारा आला की घाटा... खिडकी लावा, नाहीतर... टाटा."

रांग खिंकाळली. "काटाभाई! काटाभाई!" त्याचे कान सिग्नलच्या दिव्यासारखे लाल झाले. इथे आल्यापासून कुणी त्याला कसलीच हाक मारली नव्हती.

तेवढ्यात दुकान उघडलं आणि रांग सरकली. काटेवाला मात्र जागीच थांबला. दार आलं की गप्पा संपल्या!

"तुम्ही व्हा पुढे," तो मागच्याला म्हणाला. मग त्याच्या मागच्याला. मग कुणालाही.

"हा पुढे का जात नाही रे?"

"शर्ट बघ ना! कंपनीचाच माणूस. भाई, मागून खास माल येतोय का?"

"मला खरंच माहीत नाही हो."

"बघ, पोटातलं ओठावर येऊ देत नाही!"

झालं! पुढचेही पळत येऊन ह्याच्या मागे उभे राहिले. रांग पिळलेल्या टॉवेलसारखी वळली. दारात चिटपाखरू नाही आणि जो तो म्हणतोय, "तुम्ही व्हा पुढे!"

शेवटी दुकानदार बाहेर येऊन गरजला, "घ्यायचेत की शटर ओढू?"

मग जी झुंबड उडाली! काटेवाला भिडस्तपणे दार धरून उभा राहिला. सगळे खोके घेऊन बाहेर पडले, ते बुटांचे फोटो काढतच.

"काटाभाई, संध्याकाळी मैदानात ये हं!" साखळीवाला जाता जाता ओरडला. "पण हेच बूट घालून! त्याशिवाय घोळक्यात घेत नाहीत!"

काटेवाला आत धावला.

"एकच जोड उरलाय, बारा नंबर. तुमचा कितवा?" दुकानदाराने विचारलं.

"आठ."

"मग राहू द्या, साहेब."

"बांधा!"

खोलीवर येऊन त्याने बूट चढवले आणि दाराकडे निघाला. पाय पुढे गेले, बूट मागेच राहिले. त्याने कपाटातून मोजे काढले, मग आणखी मोजे काढले, आणि पट्टी घेऊन कॉटवर बसला.

पाऊल २५.८ सेंटिमीटर. बुटाची आतली लांबी २९.९. तीन जोड मोजे चढवल्यावर अंगठ्यापुढे उरलेली जागा: ३.४ सेंटिमीटर.