सिलेक्शनच्या रविवारी दिघे डॉक्टर

दिघे डॉक्टर माणसाला चालीवरून ओळखत. चेहऱ्यावरून नाही, आणि नावावरून तर नाहीच. दांडिया बाजारात आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये त्यांचा दवाखाना, वर त्यांचं घर. बावीस वर्षांचा शेजार. पण माझे यजमान त्यांच्या लेखी शेवटपर्यंत ‘डावी टाच’च राहिले. मला तोंडावर ‘वहिनी’ म्हणत, पण मी जिना चढताना दिसले की आतून कंपाउंडरला ओरडून सांगत, “मनुभाई, समोरची कंबर आली! खुर्ची द्या.” अर्धी गल्ली वळून बघायची.

डॉक्टरांना जाऊन आता वर्ष होईल.

ते खेळाडूंचे डॉक्टर. बडोद्यात त्यांनी ‘स्पोर्ट्स मेडिसिन’ अशी पाटी लावली तेव्हा ते काय असतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. एक गृहस्थ तर बॅटला ग्रिप बसवून मिळेल का, म्हणून विचारायला आले होते. डॉक्टरांनी ती बसवून दिली, आणि देतादेता त्यांच्या मनगटाची सूजही पाहून घेतली. ते गृहस्थ पुढे कायमचे पेशंट झाले. हळूहळू डभोईहून बसने कबड्डीवाले यायला लागले, गोरव्याच्या कारखान्यांतले रविवारी क्रिकेट खेळणारे कामगार यायला लागले. कुणी दुखणं सांगायला तोंड उघडलं की डॉक्टर हात वर करायचे, “ते पछी. पहेलां चालीने बतावो!” मग दुखणं नंतरवर टाकून पेशंट बिचारा गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायचा आणि आम्ही समोरून चहा पीत बघायचो.

हे वेड त्यांना दवाखान्याबाहेरही सोडत नसे. आमच्या नानाकाकांच्या अंत्ययात्रेत ते शेजारून चालत होते. मध्येच खांदा देणाऱ्या जावईबापूंना म्हणाले, “अहो, बाजू बदला. तुमची मान धरेल. नानांना आता काही घाई नाही.” काकू रडत होत्या, त्यांनाही हसू फुटलं.

खेळ बंद ठेवायला सांगायचं असलं की मात्र ते फक्त दोन शब्द बोलत, “शांति राखो.” बडोद्यातले खेळाडू या दोन शब्दांना ऑपरेशनपेक्षा जास्त घाबरत.

ते शब्द एकदा आमच्या घरात आले.

माझी मुलगी मृणाल तेव्हा सोळा वर्षांची होती. खो-खो म्हणजे तिचा जीव की प्राण. राज्याच्या संघाचं सिलेक्शन दहा दिवसांवर आलं होतं, आणि सरावात खांबाशी वळताना तिचा गुडघा फिरला. डॉक्टरांनी गुडघा हातात घेतला, डोळे मिटले, हळूच हलवला. रिपोर्ट नंतर आला, पण त्यांचा चेहरा तेव्हाच उतरला होता.

“लिगामेंट अर्धं फाटलंय. उरलेलं अर्धं सांभाळलंस तर पुढे पुष्कळ खेळशील. आत्ता शांति राख, बेटा.”

मृणाल गुडघ्याकडे बघत होती. बोलले मी. आज लाज वाटते, पण बोलले. “डॉक्टर, एखादं इंजेक्शन द्या ना. सिलेक्शनपुरतं.”

डॉक्टर माझ्यावर असे चिडलेले मी आधी कधी पाहिले नव्हते. “सिलेक्शनपुरता गुडघा कुठे मिळतो, वहिनी? मिळाला तर मलाही आणा एक!”

त्यानंतर मृणालने त्यांचं नाव टाकलं. समोरच्या गॅलरीत ते दिसले की ही आमच्या खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. तेही बघत.

सिलेक्शनच्या रविवारी सकाळी सात वाजता बेल वाजली. दारात डॉक्टर, हातात सेव-उसळीचं पार्सल.

“मृणाल, चल. सिलेक्शनला जायचंय.”

ती आतून लंगडत आली. “मला खेळू देणार?”

“नाही. बघायला जायचंय. माझ्याबरोबर.”

“मला नाही बघायचं.”

“ठाऊक आहे. तरी चल. घरी बसून जास्त दिसतं.”

ती का गेली, मला आजही कळलेलं नाही. दोघं रिक्षात बसून गेली आणि दुपारी उशिरा परतली. मधलं सगळं तिने मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. दोघं मैदानाच्या पायऱ्यांवर बसली होती. पहिले दोन तास ती एक अक्षर बोलली नाही. डॉक्टर एकटेच उसळ खात राहिले. मग त्यांनी एका मुलीकडे बोट दाखवून विचारलं, “ही बरी पळते, नाही?” मृणालला राहवलं नाही. “छे! ती उठताना घाई करते. फाउल होणार बघा तिचा.” आणि झाला. मग ती बोलतच सुटली. कोण कुठे चुकतंय, कुणाचा अंदाज चांगला आहे. डॉक्टर मन लावून ऐकत होते.

शेवटी निवडलेल्या मुलींची नावं पुकारली. टाळ्या वाजल्या. मृणालनेही वाजवल्या.

रडू आलं ते परतीच्या रिक्षात. डॉक्टरांनी समजूत घातली नाही, पाठीवरून हातसुद्धा फिरवला नाही. फक्त रिक्षावाल्याला म्हणाले, “भाई, पाणीगेट थईने लई लो.”

“काका, ए तो ऊंधुं पडशे.” पाणीगेट आमच्या घराच्या अगदी उलट्या बाजूला.

“खबर छे,” डॉक्टर म्हणाले. “तमे लई लो.”

तिचं रडणं पुरतं संपल्यावरच रिक्षा आमच्या दाराशी आली.

पुढच्या आठवड्यात मी बेसनाचे लाडू घेऊन त्यांच्या घरी वर गेले. डॉक्टरांनी लग्न केलं नव्हतं. दोन खोल्या, एक खुर्ची. मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसले. मी इंजेक्शनच्या बोलण्याबद्दल माफी मागितली. मग सहज विचारलं, “तुम्हाला कसं सुचलं हो, तिला तिथे न्यायचं?”

त्यांनी लाडू फोडला.

“मी कॉलेजात कबड्डी खेळायचो. फायनलच्या आधी घोटा मोडला. आमचं घर मैदानाच्या मागेच. वडील कचेरीत जाताना खिडकी लावून गेले, म्हणजे मला आवाज येऊ नये. चांगल्या मनानेच. पण आवाज येतच होता. संध्याकाळी आमची पोरं जिंकून, ढोल वाजवत आमच्याच दारावरून गेली. मला वाईट वाटेल म्हणून कुणी हाक मारली नाही.”

“मग?”

“मग काय? मी शर्ट बदलून, भांग पाडून तयार बसलो होतो.”

खाली मनुभाई कुणाला तरी गॅलरीत चालायला लावत होता, त्या पेशंटच्या चपलांचा आवाज वर येत होता.

मी निघाले तेव्हा डॉक्टर दारापर्यंत आले. “वहिनी, मृणालला हे सांगू नका हं. तिला वाटेल, मी माझ्यासाठीच गेलो होतो.”

“काहीतरीच काय, डॉक्टर!”

बोटांना लागलेलं तूप रुमालाला पुसत ते म्हणाले, “तसं थोडंसं होतंही.”